लिम्फोमासाठी देणगी द्यायचीय, पण कुठे आणि कशी? कोल्हापूरकरांसाठी सविस्तर मार्गदर्शक

कोल्हापुरात देणाऱ्यांची वाण नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरात भाकरीची गाठोडी कुणी न सांगता पूरग्रस्त गावांपर्यंत पोचली, आणि तालमीच्या पोरांनी नावा लावल्या. पण कॅन्सरसाठी काही द्यायचं म्हटलं की आपला हात हमखास दोनच ठिकाणी जातो. एक, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फोटोखालचा खाते क्रमांक. दुसरं, दवाखान्याला द्यायची अशी वस्तू, जिच्यावर नाव कोरता येतं. व्हीलचेअर, कूलर, फारच मोठा देणगीदार असेल तर एखादं यंत्र. हेतूबद्दल शंका नाही. पण लिम्फोमाच्या रुग्णाचा पैसा बहुतेक वेळा या दोन्हींच्या मधे कुठेतरी अडलेला असतो, आणि तिथे ना फोटो काढण्यासारखं काही असतं, ना पाटी लावण्यासारखं.

माझं काम सार्वजनिक न्यासांचे हिशेब लिहिण्याचं. देणगीची पावती फाडताना देणाऱ्याचा चेहरा दिसतो आणि वर्षअखेरीला तो पैसा कशावर खर्च झाला हेही दिसतं. दोन्ही बघून जे लक्षात आलं, ते करायच्या क्रमाने खाली मांडतो.

पहिली पायरी : आजाराचा हिशेब समजून घ्या

लिम्फोमा म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी लिम्फोसाइट नावाच्या पेशी बिघडतात आणि मानेत, काखेत, जांघेत किंवा छाती-पोटाच्या आत गाठी वाढू लागतात. थॉमस हॉजकिन या इंग्रज डॉक्टरने १८३२ मध्ये त्यातल्या एका प्रकाराचं वर्णन केलं, म्हणून तो हॉजकिन लिम्फोमा. बाकीचे सगळे नॉन-हॉजकिन. त्यांत डझनावारी उपप्रकार आहेत आणि प्रत्येकाची चाल वेगळी.

देणगीदाराने यातली एकच गोष्ट घट्ट धरावी : हा अनेकदा पूर्ण बरा होणारा कॅन्सर आहे. हॉजकिनचं लवकर निदान झालं तर बहुसंख्य रुग्ण बरे होतात. नॉन-हॉजकिनमधला सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार वेगाने वाढतो, तरी त्यातले शंभरातले साठेक रुग्ण नेहमीच्या उपचाराने बरे होऊ शकतात. त्या उपचाराचं नाव आर-चॉप. रिटुक्सिमॅब, सायक्लोफॉस्फामाइड, डॉक्सोरुबिसिन, व्हिन्क्रिस्टिन आणि प्रेडनिसोलोन अशी पाच औषधं, दर २१ दिवसांनी, साधारण सहा वेळा. म्हणजे साधारण चार महिन्यांचा मामला. हॉजकिनमध्ये अनेकदा एबीव्हीडी हा दुसरा औषधसंच देतात, त्याची वारी दर पंधरवड्याला.

वारी हा शब्द मुद्दाम वापरला. घरातली मंडळी ‘केमो’ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर सलाइन असतं, पण घराचं बजेट मोडतं ते या तारखांमुळे. एक तारीख पैशासाठी पुढे ढकलली, मग दुसरी ढकलली, की बरा होणारा आजार हातातून निसटायला लागतो. म्हणून लिम्फोमात वेळेवर आलेले पाच हजार रुपये उशिरा आलेल्या पन्नास हजारांपेक्षा मोलाचे ठरतात.

दुसरी पायरी : पैसा नेमका कुठे अडतो ते बघा

औषधांचा सगळा खर्च देणगीवरच चालतो, असा एक समज आहे. तसं नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता आयुष्मान भारतशी जोडली आहे आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण देते. केमोथेरपीची पॅकेजेस तिच्यात आहेत. योजनेत असलेल्या दवाखान्यात आरोग्यमित्र म्हणजे योजनेचा मदतनीस बसलेला असतो. पहिली भेट त्याची घ्यायची. शिवाय धर्मादाय नोंदणी असलेल्या मोठ्या खासगी रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकावी लागते. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली ही योजना आहे. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि आधार, एवढी कागदं घेऊन दवाखान्याच्या समाजसेवा विभागात जायचं. हा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नव्हे.

मग देणगी कशाला लागते? योजना सुरू होते ती निदान पक्कं झाल्यावर. बायोप्सीचा रिपोर्ट नसेल तर मंजुरी नाही. आणि लिम्फोमात सगळ्यात जास्त दिवस जातात ते इथंच.

मानेतली गाठ, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, घटलेलं वजन, ही सगळी लक्षणं क्षयाचीही आहेत. आपल्याकडे क्षय जास्त, त्यामुळे डॉक्टरांच्या मनात आधी तोच येतो. सुईने थोडं पाणी काढून तपासतात, त्यात काही ठरत नाही, टीबीच्या गोळ्या सुरू होतात आणि महिने निघून जातात. लिम्फोमा पक्का करायला शक्यतो पूर्ण गाठ काढून तपासावी लागते. त्यानंतर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री नावाची तपासणी येते. गाठीच्या पातळ कापांवर वेगवेगळी रसायनं लावून पेशींवर कुठल्या खुणा आहेत ते पाहतात. सीडी-२० ही खूण मिळाली तर रिटुक्सिमॅबचा उपयोग होणार. सीडी-३० आणि सीडी-१५ मिळाल्या तर हॉजकिनची शक्यता. प्रत्येक खुणेच्या तपासणीचे पैसे वेगळे. त्यानंतर आजार शरीरात कुठवर पसरलाय ते दाखवणारा पेट स्कॅन. हे सगळं योजनेच्या दाराबाहेर, बहुतेकदा खिशातून.

त्या गाठीचं पुढे काय होतं ते एकदा पाहण्यासारखं आहे. ती मेणात बसवतात आणि अंगठ्याएवढ्या चपट्या प्लॅस्टिकच्या डबीवर पेन्सिलीने नंबर घालतात. हा ब्लॉक. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात दाखवायचं ठरलं की तिथले डॉक्टर म्हणतात, रिपोर्ट नको, ब्लॉक आणा, आम्ही परत तपासतो. मग लॅबमध्ये अर्ज, सही, पोच आणि झिपच्या पिशवीत ठेवलेला तो ब्लॉक. रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये भाऊ किंवा मेव्हणा ती पिशवी शर्टाच्या आतल्या खिशात घालून बसतो. घरातल्या माणसाचं सगळं भवितव्य त्या मेणाच्या तुकड्यात असतं आणि तिकिटाला उसने पैसे काढलेले असतात. ब्लॉकची फेरतपासणी, खुणांच्या चाचण्या आणि दोन माणसांचं येणं-जाणं यासाठी जो देणगीदार पैसे देतो, तो रुग्णाचे कित्येक आठवडे वाचवतो. त्याच्या नावाची पाटी मात्र कुठेच लागत नाही.

अडण्याच्या बाकी जागा अशा. केमोनंतर पांढऱ्या पेशी कमी होतात, तेव्हा ताप आला तर तातडीने ॲडमिट करावं लागतं आणि त्यात महिन्याचं गणित कोलमडतं. पेशी वाढवायची इंजेक्शनं. मुंबईत राहण्याची सोय. सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी. आणि एक, ज्याबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही : हॉजकिन बऱ्याचदा विशी-तिशीच्या पोरांना होतो आणि उपचाराने पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते. उपचाराआधी वीर्य गोठवून ठेवता येतं. त्याचा खर्च देणारा निधी शोधून सापडत नाही, आणि असलाच तर लाजेने कुणी मागत नाही.

तिसरी पायरी : रुग्णसेवा की संशोधन?

दोन्हींना द्यावं, पण एकाच चेकमध्ये मिसळू नये. रुग्णाला दिलेले पैसे या महिन्यात कामाला येतात. संशोधनाचं फळ मिळायला दहा-वीस वर्षं लागतात. हे ज्याला चालणार नाही, त्याने सरळ रुग्णसेवेला द्यावं, त्यात कमीपणा काही नाही.

संशोधनाला दिलेल्या दानाची गोष्ट मात्र आपल्याच मातीतली आहे. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. दुसऱ्याच वर्षी दोराबजींनी लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट उभा केला. त्याच्या उत्पन्नाचा चार-पंचमांश भाग जगभरातल्या रक्ताच्या कॅन्सरवरच्या संशोधनासाठी आणि उरलेला भारतातल्या संशोधनासाठी. १९३२ मध्ये पारतंत्र्यातल्या देशातून निघालेला पैसा जगभरच्या प्रयोगशाळांत जात होता. १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं तेही टाटांच्याच ट्रस्टच्या पैशातून. ते केंद्र सरकारकडे पुढे गेलं आणि १९६२ पासून अणुऊर्जा विभागाखाली आहे. अमेरिकेतही हेच. डी व्हिलिअर्स दांपत्याचा सोळा वर्षांचा मुलगा रक्ताच्या कॅन्सरने गेला, आणि १९४९ मध्ये त्यांनी त्याच्या नावाने संस्था काढली. तीच पुढे ल्युकेमिया अँड लिम्फोमा सोसायटी झाली.

दानाचा पैसा संशोधनात वेगळं काय करतो? सरकारी अनुदान समिती आधी पुरावा मागते, आणि औषध कंपनी आधी बाजार बघते. नवी आणि वेड्यासारखी वाटणारी कल्पना या दोघांच्या मधे अडकते. कार-टी उपचार असाच अडकला होता. रुग्णाच्याच टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, काढायच्या, त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवायचं आणि परत शरीरात सोडायचं. पेनसिल्व्हानियातले संशोधक कार्ल जून यांच्या गटाला सुरुवातीच्या काळात कॅन्सर जनुक उपचारांसाठी काम करणाऱ्या एका धर्मादाय संस्थेने पैसे दिले. २०१० मध्ये पहिल्या रुग्णांना हा उपचार दिला गेला. लिम्फोमासाठीचा पहिला कार-टी उपचार अमेरिकेत ऑक्टोबर २०१७ मध्ये मंजूर झाला, तेव्हा नुसत्या औषधाची किंमत होती ३ लाख ७३ हजार डॉलर. भारतात आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी स्वतःचा कार-टी विकसित केला. २०२१ मध्ये टाटा मेमोरियलच्या खारघरच्या केंद्रात पहिल्या रुग्णाला तो दिला गेला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये नेक्सकार-१९ या नावाने त्याला मंजुरी मिळाली. इथे चाचणीचा मोठा भार केंद्राच्या जैवतंत्रज्ञान खात्याने उचलला. किंमत परदेशापेक्षा कितीतरी कमी, तरी सामान्य घराला न पेलणारी. म्हणजे संशोधनाची लढाई जिंकली तरी रुग्णसेवेच्या दानाची गरज उरतेच.

मला स्वतःला पटतं ते याहून साधं संशोधन. महाग औषधाची मात्रा कमी करून तोच उपयोग होतो का, हा प्रश्न कुठली कंपनी स्वतःच्या पैशाने तपासेल? टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोके-मानेच्या कॅन्सरात निव्होलुमॅब हे औषध नेहमीच्या मात्रेच्या लहानशा भागात, २० मिलिग्रॅममध्ये दिलं आणि केमोसोबत त्याचा फायदा दिसल्याचं २०२२ मध्ये प्रसिद्ध केलं. हेच औषध हॉजकिनमध्येही वापरतात. अशा अभ्यासांना दानाचा पैसा सगळ्यात जास्त लागू पडतो.

संशोधनाला द्यायचं ठरलं तर संस्थेच्या संशोधन विभागाला विचारा, की यंत्राशिवाय काय हवंय. उत्तर ऐकायला रुक्ष असेल. नोंदी ठेवणारा माणूस. गाठींचे नमुने उणे ८० अंशांवर जपणाऱ्या फ्रीजचं वीजबिल. बरा होऊन गावी गेलेल्या रुग्णाला पाच वर्षं फोन करत राहणारी नर्स. या नोंदींशिवाय आपल्याकडच्या रुग्णांना कुठला उपचार किती लागू पडला हे कधीच कळत नाही, आणि आपण परदेशातल्या आकड्यांवर विसंबून राहतो.

एक सावधानता. चाचणीतल्या औषधासाठी रुग्णाकडून पैसे मागत असतील तर थांबा. भारतातल्या प्रत्येक वैद्यकीय चाचणीची नोंद सीटीआरआय या सरकारी संकेतस्थळावर आधी करावी लागते. २००९ पासून ती सक्तीची आहे. तिथे चाचणीचा खर्च कोण करतंय ते कुणालाही फुकट बघता येतं.

चौथी पायरी : संस्था पारखून घ्या

आपले रुग्ण जातात कुठे ते पाहून सुरुवात करावी. शहरात सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहे, गोकुळ शिरगावला कॅन्सर सेंटर आहे, मिरजेला सिद्धिविनायक कॅन्सर हॉस्पिटल, आणि मग मुंबई. मुंबईतल्या मुक्कामासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा ग्रामीण भागातल्या कॅन्सर रुग्णांचा मोठा आधार आहे. लहान मुलांसाठी आणि त्यांच्या आई-वडिलांसाठी सेंट ज्यूड इंडिया ही संस्था २००६ पासून मोफत निवारा देते. टाटा मेमोरियलमध्ये मुलांच्या उपचारासाठी इम्पॅक्ट फाउंडेशन आहे. इंडियन कॅन्सर सोसायटी १९५१ ची, कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन १९६९ ची. जुनं नाव आहे म्हणून आंधळेपणाने देऊ नये, नवी संस्था आहे म्हणून टाळूही नये.

काय बघायचं? धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक आणि आयकर खात्याची ८०जी मान्यता (जिच्यामुळे देणगीदाराला करसवलत मिळते), ही दोन कागदं कुणीही दाखवतो. खरी गोष्ट कळते ती हिशेबपत्रकात. महाराष्ट्रातल्या न्यासाला दरवर्षी शेड्यूल ८ म्हणजे ताळेबंद आणि शेड्यूल ९ म्हणजे उत्पन्न-खर्च पत्रक दाखल करावं लागतं. ते मागा. चांगली संस्था कुरकुर न करता देते. उत्पन्न-खर्च पत्रकात ‘उद्दिष्टांवरील खर्च’ हा रकाना शोधा आणि त्यातल्या वैद्यकीय मदतीची रक्कम एकूण खर्चाशी ताडून बघा. दोन-तीन वर्षांची पत्रकं शेजारी ठेवली की चित्र स्वच्छ होतं. बँकेत ठेवी वाढतायत आणि रुग्णांवरचा खर्च तसाच आहे, असं दिसलं तर कारण विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

आणि पगारावरचा खर्च बघून नाक मुरडू नका. समाजसेविकेचा पगार हा वायफळ खर्च नसतो. मुरगूडहून आलेल्या म्हातारीला कुठल्या खिडकीवर कुठला कागद द्यायचा, हे सांगणारं माणूसच बऱ्याचदा उपचार अर्धवट सुटण्यापासून वाचवतं.

पाचवी पायरी : पैसे कसे द्यायचे

रोख देऊ नका. दोन हजारांपेक्षा जास्त रोख देणगीला ८०जीची सवलत मिळत नाही, आणि रोखीचा माग राहत नाही तो वेगळाच. चेक किंवा ऑनलाइन द्या, पॅन नंबर सांगा आणि पावती घ्या. संस्था वर्षअखेरीला आयकर खात्याकडे देणगीदारांचं विवरणपत्र भरते आणि तुम्हाला १०बीई नावाचं प्रमाणपत्र देते. गेल्या काही वर्षांपासून सवलतीसाठी नुसती पावती पुरत नाही, हे प्रमाणपत्र लागतं. वस्तूरूपाने दिलेल्या देणगीला सवलत नाही.

सवलत किती? बहुतेक न्यासांना दिलेल्या देणगीच्या निम्मी रक्कम उत्पन्नातून वजा होते, तीही एकूण उत्पन्नाच्या सुमारे १० टक्क्यांच्या मर्यादेत. दहा हजार दिले तर पाच हजार वजा. तुम्ही २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर हजार-अकराशे रुपये कर वाचला. मान्यताप्राप्त संशोधन संस्थेला संशोधनासाठी दिलेल्या देणगीची पूर्ण रक्कम वजा मिळू शकते, पण व्यवसायाचं उत्पन्न असणाऱ्यांसाठी त्याचं कलम वेगळं आहे. आणि नव्या करप्रणालीत असाल तर पगारदार माणसाला यातलं काहीच नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होत असल्याने कलमांचे क्रमांकही बदलतात, तेव्हा आपल्या सीएला एकदा विचारून घ्या. फक्त कर वाचवायला दान देणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. हजार वाचवायला दहा हजार घालवणारा हिशेबात कच्चाच म्हणायचा.

घरचं कुणी परदेशात असेल आणि तिथलं नागरिकत्व घेतलेलं असेल, तर त्याचा पैसा परकीय देणगी धरतात. तो फक्त एफसीआरए म्हणजे परकीय देणगी कायद्याखालची नोंदणी असलेल्या संस्थेलाच आणि तिच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरावीक खात्यातच देता येतो. भारतीय पासपोर्टवर नोकरीसाठी गेलेल्याला ही अट नाही.

शक्य असेल तर एकरकमी बारा हजार देण्यापेक्षा महिन्याला हजार द्या. संस्थेला पुढच्या महिन्यात किती येणार हे माहीत असलं की तिला समोरच्या रुग्णाला ‘हो’ म्हणता येतं. आणि देणगीसोबत एक ओळ लिहा : ‘निदान, तपासण्या व प्रवासखर्चासाठी, अथवा संस्थेला योग्य वाटेल त्या रुग्णसेवेसाठी.’ अथवाच्या पुढचा भाग गाळू नका. फारच घट्ट अटी घातल्या की पैसा पडून राहतो, असं हिशेबाच्या वह्यांत मी सारखं बघतो.

एकाच रुग्णाला मदत करायची असेल तर

गल्लीतल्या कुणाला निदान झालं, की सगळं मंडळ मागे उभं राहतं. उभं राहावंच. फक्त चार गोष्टी पाळा.

पैसा रुग्णालयाच्या नावाने द्या, चेकच्या मागे रुग्णाचं नाव आणि केस नंबर लिहा. त्याआधी दवाखान्याकडून छापील अंदाजपत्रक घ्या, ज्यावर उपचाराचं नाव आणि किती वेळा द्यायचा ते लिहिलेलं असेल. सरकारी योजनेचा अर्ज झालाय का, मुख्यमंत्री सहायता निधी आणि पंतप्रधान सहायता निधीकडे कागद गेलेत का, मुंबईच्या सिद्धिविनायक मंदिर न्यासाची वैद्यकीय मदत मागितलीय का, हे आधी तपासा. यातल्या बऱ्याच ठिकाणी उपचार संपल्यावर केलेला अर्ज चालत नाही. कागद आधी, वर्गणी नंतर, हा क्रम उलटला की लोकांचे पैसे अशा खर्चात जातात जो सरकार उचलणारच होतं.

प्रवासाचंही तसंच. रेल्वेत उपचाराला जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टायर एसीत पूर्ण भाडं माफ आहे, सोबत्याला ७५ टक्के. रुग्णालयाकडून ठरावीक नमुन्यातला दाखला तेवढा आणायचा. एसटीतही सवलत आहे. हे न सांगता तिकिटासाठी वर्गणी काढणारी मंडळी मी पाहिली आहेत.

ऑनलाइन मदत गोळा करायची असेल तर मिलाप, केटो यांसारखे मंच आहेत. त्यांचं शुल्क आणि वर मागितली जाणारी ‘टिप’ नीट वाचा. आणि रुग्णाचा, विशेषतः लहान मुलाचा टक्कल पडलेला फोटो गावभर फिरवण्याआधी घरच्यांना आणि जमलं तर खुद्द रुग्णाला विचारा. पोरगं बरं होऊन उद्या त्याच शाळेत जाणार आहे.

मंडळाच्या नावाने वर्गणी काढताना मंडळ नोंदणीकृत नसेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क नुसार धर्मादाय कार्यालयाची तात्पुरती परवानगी लागते आणि नंतर हिशेब द्यावा लागतो. गणेशोत्सवासाठी मंडळं हे करतातच, त्याच वाटेने इथेही जायचं. जागतिक लिम्फोमा जागृती दिन १५ सप्टेंबरला असतो, गणपतीच्या आगेमागेच. देखाव्याच्या खर्चातले थोडे पैसे त्या आठवड्यात बाजूला काढायला मंडळांना अवघड नाही.

कारखानदारांसाठी थोडं

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीतल्या ज्या कंपन्यांचा निव्वळ नफा पाच कोटी किंवा उलाढाल हजार कोटी किंवा नक्त मालमत्ता पाचशे कोटींच्या वर आहे, त्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. आरोग्य त्यात येतं. संस्थेकडे असा पैसा घेण्यासाठीची सीएसआर-१ नोंदणी असली पाहिजे. फौंड्रीवाल्यांना यंत्राची भाषा कळते म्हणून ते यंत्रच देऊ करतात. यंत्र द्याच, पण त्याच करारात पाच वर्षांची देखभाल आणि ते चालवणाऱ्या तंत्रज्ञाचा पगार लिहून द्या. तसं न करता दिलेलं यंत्र वॉरंटी संपली की कोपऱ्यात जातं.

पैशाशिवाय देता येण्यासारखं

लिम्फोमा उलटला तर जास्त मात्रेची केमो देऊन रुग्णाच्याच मूळपेशी, म्हणजे नवं रक्त तयार करणाऱ्या पेशी, परत त्याला देतात. त्यात बहुधा दुसऱ्या दात्याच्या पेशी लागत नाहीत, पण प्लेटलेट (रक्तस्राव थांबवणारे रक्तातले कण) लागतात, आणि वारंवार. प्लेटलेट जेमतेम पाच दिवस टिकतात. २६ जूनला शाहू जयंतीच्या शिबिरात जमलेल्या ढीगभर पिशव्या जुलैच्या मध्यावर प्लेटलेट म्हणून उपयोगी पडत नाहीत. म्हणून शिबिराच्या जोडीला तालमीने एक यादी करावी : मशिनवर एकाच दात्याकडून प्लेटलेट द्यायला तयार असलेले, रात्री फोन उचलणारे तरुण, रक्तगटासह. पुरुषाला संपूर्ण रक्त तीन महिन्यांनी परत देता येतं, प्लेटलेटसाठीचं अंतर त्यापेक्षा फारच कमी आहे. हॉजकिनच्या रुग्णाला किरणोत्सर्गाची प्रक्रिया केलेलं रक्तच द्यावं लागतं. तेव्हा पिशवी धावपळ करून आणण्याआधी वॉर्डातल्या सिस्टरना विचारावं, ती प्रक्रिया कुठे होते ते त्या सांगतात.

उरलेली औषधं मात्र देऊ नका. उघडलेली, थंडाव्यात न ठेवलेली इंजेक्शनं दुसऱ्याच्या जिवावर बेततात.

दिल्यानंतर

सहा महिन्यांनी संस्थेला एक पत्र किंवा मेल टाका. आमच्या पैशातून किती जणांच्या तपासण्या झाल्या, किती जणांचा उपचार मधेच सुटला आणि का, एवढंच विचारा. नावं मागू नका, रुग्णाची माहिती खासगी असते. ‘किती जणांचा सुटला’ या प्रश्नाचं उत्तर जी संस्था आकड्यासह देते, तिला पुढच्या वर्षी न विचारता द्या. ज्यांच्याकडे हा आकडाच नाही, त्यांना तो ठेवायला माणूस लागेल. त्या माणसाच्या पगाराचा पहिल्या वर्षाचा खर्च तुमच्या मंडळाला झेपतो का, ते कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत विषयपत्रिकेवर घ्या.